वादळात छप्पर गेल्यावर: दुरुस्तीच्या आणि ठेकेदार पारखण्याच्या नोंदी

वादळानंतर आमच्या छपराचं काम पूर्ण व्हायला दोन महिने लागले. त्यातला खरा कामाचा वेळ आठ दिवसांचा. बाकीचा वेळ माणसं शोधण्यात, फसण्यात आणि त्यातून सावरण्यात गेला. ज्यांचं छप्पर आत्ता उघडं आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. दिवस मोजले आहेत ते वादळाच्या दुसऱ्या सकाळपासून.

दिवस १

घर ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. दोन पाख्यांचं छप्पर, लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर रंगीत पत्रे. उजाडल्यावर पाहिलं तर मागच्या पाख्याच्या दहापैकी सहा पत्रे जागेवर नव्हते. दोन अंगणात, एक कुंपणात अडकलेला, बाकीचे दिसेनात. पुढचा पाखा शाबूत. आढ्यावरचा रिज, म्हणजे दोन पाख्यांची जोड झाकणारा वाकवलेला पत्रा, तोही शाबूत, फक्त एका टोकाला उचकटलेला.

मेन स्विच बंद केला, भिजलेलं सामान पुढच्या खोलीत ओढलं. हे दोन्ही बरोबर केलं. त्यानंतर मात्र सगळं चुकत गेलं.

अकराच्या सुमारास एक गाडी दारात थांबली. दोघे उतरले. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं काम चालू आहे, पत्रे जास्तीचे आलेत, आज हो म्हणालात तर आजच सुरू करू, असं म्हणाले. मी त्यांना बोलावलेलं नव्हतं. त्यांचा पत्ता विचारला नाही. पलीकडच्या रस्त्यावर जाऊन ते काम पाहिलं नाही. पाच मिनिटांची चाल होती.

‘नुसतं बघतो, बघायचे पैसे नाहीत’ म्हणून ते वर चढले. बघता बघता त्यांनी रिज पूर्ण उतरवला आणि धड असलेले दोन पत्रेही काढले. खाली आल्यावर सूर बदलला. ताई, आता हे असं उघडं ठेवता येणार नाही, निम्मे पैसे द्या, संध्याकाळपर्यंत झाकतो. ढग भरून आले होते. आई आत होती. मी पैसे दिले. हातात कागद कोणताही नाही, फक्त एक फोन नंबर.

दिवस २

आले नाहीत. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. रात्रभर पाऊस. मधल्या खोलीच्या भिंतींना ओल.

दिवस ३

फोन बंद. पलीकडच्या रस्त्यावर जाऊन आले. तिथे त्यांचं काम कधीच नव्हतं. त्या रस्त्यावरच्या दोन घरी ते येऊन गेले होते आणि तिथे त्यांनी आमच्या घरचं काम चालू असल्याचं सांगितलं होतं.

पोलिसांत लेखी तक्रार दिली. रक्कम एका व्यक्तीच्या खात्यावर ऑनलाइन भरली होती, म्हणून बँकेलाही कळवलं. पण बँकेला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पैसे दुसरीकडे हलवायला त्या दोघांना दोन दिवस मिळाले. हाताशी पुरावा म्हणाल तर धाकट्या भावाने पत्र्यांचे फोटो काढताना मागे त्यांच्या गाडीचा नंबर चुकून आला होता, तेवढाच.

गेलेली रक्कम शेवटी झालेल्या पूर्ण खर्चाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. ती परत आलेली नाही.

दिवस ४

आज ताडपत्री लावली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. छप्पर झाकलेलं असतं तर त्या ढगांकडे बघून माझा हात खिशात गेला नसता.

पहिला प्रयत्न फसला. ताडपत्री फक्त भगदाडावर अंथरली आणि कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मध्ये झोळ पडला, त्यात पाणी साठलं, वजनाने ती खाली लोंबायला लागली. वारा आला की खालून फुगायची, आणि एक पिशवी घसरून खाली पडली. खाली कुणी नव्हतं.

दुसऱ्यांदा अशी बसवली: ताडपत्रीची वरची कड आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर मीटरभर नेली, म्हणजे वरून येणारं पाणी तिच्याखाली शिरत नाही. पत्रे नव्हते तिथे सांगाड्यावर आधाराला चार बांबू आडवे बांधले, झोळ गेला. कडा लाकडी पट्टीला दोन वेढे गुंडाळून ती पट्टी खालच्या पाइपला दोरीने आवळली. नुसत्या कडीतून दोरी ओवली तर वाऱ्यात कडी फाटून निघते, गुंडाळलेली पट्टी ओढ सगळ्या लांबीवर वाटून घेते. खालची कड वळचणीच्या बाहेर सोडली.

वर आम्ही पाऊस थांबल्यावर, छप्पर कोरडं झाल्यावर, कमरेला दोरी बांधून चढलो. पाय फक्त स्क्रूंच्या रांगेवर, कारण तिथे खाली पाइप असतो. शिडी चार हात उंचीला पायथा भिंतीपासून एक हात पुढे या हिशोबाने टेकवली, खाली एक माणूस धरून. साहित्य आणि अर्धा दिवस, एवढाच खर्च. ज्यांना वर जाणं जमणार नाही त्यांनी फक्त झाकण्याचं काम मजुरीवर करून घ्यावं आणि त्याच माणसाला त्याच दिवशी पूर्ण छपराचं काम देऊन टाकू नये.

दिवस ५

फोटो. आधी लांबून चारही बाजू, मग प्रत्येक पाइप, प्रत्येक उरलेला पत्रा, आतून छत, भिंतींची ओल. फोटोत मोजपट्टी ठेवली. पडलेले पत्रे गोळा करून मागे रचून ठेवले, भंगारात दिले नाहीत.

ते रचताना एक गोष्ट लक्षात आली. पत्रे स्क्रूच्या डोक्याभोवती फाटले होते. स्क्रू पाइपमध्ये तसेच घट्ट उभे होते. म्हणजे पत्रा स्क्रूवरून ओढला गेला, स्क्रू पाइपमधून उपसला गेला नाही. पाइप कुजलेला असता तर आट्यांसकट स्क्रू बाहेर आला असता. म्हणजे आमचा सांगाडा बहुतेक ठिकाणी धड होता, स्क्रू विरळ होते आणि पत्रा पातळ होता. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर खेचतो, आणि कडा, कोपरे, आढं इथे ही ओढ सगळ्यात जास्त असते. आमचे स्क्रू मधोमध आणि कडेला सारख्याच अंतरावर होते.

हे निरीक्षण पुढे दोनदा उपयोगी पडलं.

दिवस ६

छप्पर स्वतः मोजलं. वळचणीसकट लांबी १० मीटर. अर्धी रुंदी ३.५ मीटर, वळचणीपासून आढ्याची उंची १.३ मीटर. तिरकी लांबी काढायला दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली, तिचं वर्गमूळ ३.७३ मीटर. म्हणजे एक पाखा ३७ चौरस मीटरच्या थोडा वर, दोन्ही मिळून ७५च्या आत. पहिल्या दिवशीच्या दोघांनी १०५ सांगितलं होतं. तेव्हा हा आकडा तपासायचं मला सुचलंही नव्हतं.

दिवस ७ ते ९

तीन ठेकेदारांना बोलावलं. तिघांनी तीन तऱ्हेचे आकडे दिले आणि त्यांची तुलनाच करता येईना. एकाने पूर्ण छप्पर धरलं, एकाने एकच पाखा, तिसऱ्याने एका ओळीत ठोक रक्कम. दोन दिवस मी सगळ्यात कमी आकड्याकडे बघत बसले होते.

मग कामाची यादी मी लिहिली आणि तीच तिघांना दिली. मागचा पाखा पूर्ण, दहा पत्रे, ३.७५ मीटर लांबी, जाडी ०.५ मिमी. आढ्याच्या आणि वळचणीच्या पाइपवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या पाइपांवर एकाआड एक. पुढच्या पाख्यावर कडेने वाढीव स्क्रू. नवा रिज. गंजलेल्या पाइपला घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग. जुने पत्रे मालकाचे. कामानंतर झाडलोट. प्रत्येक ओळीपुढे दर वेगळा लिहायला सांगितला.

एकजण परत आलाच नाही. ठोक रकमेवाला.

दिवस १०

दुसरा ठेकेदार ‘वरून एकदा बघतो’ म्हणाला. भाऊ बरोबर चढायला लागला तर त्याला म्हणाला, तुम्ही खालीच थांबा, वजन पडेल. दहा मिनिटांनी मोबाइलवर फोटो घेऊन खाली. पाइप मध्येच चिरलेला, सांगाडा पूर्ण बदलावा लागेल म्हणे.

फोटोतला पाइप हिरव्या रंगाचा होता. आमचे सगळे तांबडे आहेत. मी दिवस ५चे फोटो दाखवले आणि वर जाऊन तो पाइप मला हाताने दाखवा म्हटलं. त्याने वेळ नसल्याचं सांगितलं.

जाता जाता त्याने एक छापील कागद पुढे केला. विम्याचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त खाली सही करा, तुमच्या वाट्याची रक्कमही आम्ही सांभाळून घेऊ. कागदावर रकमेची जागा कोरी होती. अशा सहीने दाव्याचे पैसे परस्पर त्याच्याकडे जाऊ शकतात, आणि आपल्या वाट्याची, म्हणजे विम्यातून न मिळणारी, रक्कम ‘सांभाळायची’ म्हणजे बिल फुगवायचं. त्या फुगवलेल्या बिलाखाली सही आपली असते. विमा कंपनीशी बोलणं आपलं आपणच करायचं.

इथून पुढे घरचं माणूस बरोबर असल्याशिवाय कुणालाही छपरावर चढू दिलं नाही.

दिवस १२

विम्याचा सर्व्हेअर आला. पडलेले पत्रे ठेवले होते ते बरं झालं, त्याने एकेक मोजला. ताडपत्री आणि दोरीच्या पावत्याही घेतल्या. पण पहिल्या दिवशी त्या दोघांनी काढलेले दोन पत्रे आणि पूर्ण रिज वादळाच्या नुकसानीत धरता येणार नाहीत म्हणाला. माणसाने स्क्रू काढलेले स्वच्छ दिसत होते, आणि काढण्याआधीचा फोटो माझ्याकडे नव्हता. त्याचं बरोबर होतं. कुणी हात लावायच्या आधी फोटो काढायला मला पंधरा मिनिटं लागली असती.

दिवस १४

आता एकच ठेकेदार उरले होते, वयस्कर मिस्त्री. आकडा तिघांत मधला. त्यांच्याकडे तीन कामांचे पत्ते मागितले आणि त्यातलं एक वर्षाहून जुनं असावं असं सांगितलं. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

दोन घरी जाऊन आले. जुन्या कामाच्या घरमालकीण म्हणाल्या, पहिल्या पावसात एका कोपऱ्यात गळलं होतं, फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन दुरुस्त करून गेले, पैसे घेतले नाहीत. कधीच गळलं नाही असं सांगणाऱ्या माणसापेक्षा मला हे ऐकून जास्त धीर आला. मिस्त्रींच्या घरचा पत्ताही पाहून आले, पत्र्याच्या दुकानात त्यांची उधारी थकलेली नाही ना हेही विचारलं. उधारी थकवलेला ठेकेदार माझ्या पैशांत दुसऱ्याचं साहित्य आणतो आणि माझं काम लटकतं.

दिवस १६

करार. दीड पान, हाताने लिहिलेला, दोघांच्या सह्या, दोन प्रती. यादी जशीच्या तशी. सुरुवातीची आणि संपायची तारीख. साहित्य मी थेट दुकानातून माझ्या नावाच्या बिलावर घेणार, मिस्त्रींना फक्त मजुरी. मजुरी चार टप्प्यांत: सांगाडा झाल्यावर ३० टक्के, पत्रे बसल्यावर ४०, पाण्याची चाचणी झाल्यावर २०, पहिला मोठा पाऊस झाल्यावर उरलेले १०. वाढीव काम निघालं तर आधी वर जाऊन दोघांनी बघायचं, मग लिहून सही, मगच हात लावायचा. वर चढणाऱ्यांच्या दोरी-पट्ट्याची आणि अपघाताची जबाबदारी कुणाची, तेही लिहिलं.

शेवटच्या दहा टक्क्यांवर मिस्त्री थोडे अडले. पाऊस कधी पडेल कुणाला ठाऊक, म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून ‘मोठा पाऊस किंवा ९० दिवस, जे आधी होईल ते’ असं लिहिलं.

दिवस २३

पत्रे आले, आणि परत गेले.

पत्र्याची जाडी डोळ्यांना कळत नाही, कडेला रंगाचा थरही असतो. पण वजन लपत नाही. आमचे पत्रे १.२२ मीटर रुंदीच्या सपाट पत्र्यातून वळवलेले, छपरावर साधारण १ मीटर झाकतात. ३.७५ मीटर लांबीला ते साडेचार चौरस मीटरच्या थोडं वर. पोलाद घनमीटरला ७८५० किलो. ०.५ मिमीला एक पत्रा १८ किलोच्या जवळ भरायला हवा, ०.४ मिमीला साडेचौदाच्याही आत. पाच पत्रे एकत्र बांधून काट्यावर टाकले: ७२ किलो. हवे होते ९०. बिलावर मात्र ०.५ छापलेलं.

मला आधी मिस्त्रींचाच संशय आला, आणि तो बोलण्यात दिसलाही. ते गप्प झाले. मग माझ्याबरोबर दुकानात आले आणि माझ्यापेक्षा जास्त भांडले, कारण पातळ पत्रा उडाला तर बोल त्यांनाच लागणार होता. दुकानदाराने चुकून दुसरा गठ्ठा गेल्याचं सांगितलं. चूक होती की काय ते मला ठरवता आलं नाही. बदली पत्रे यायला सहा दिवस लागले. मिस्त्रींची मी माफी मागितली.

दिवस ३०

काम सुरू. पाइप घासताना वळचणीकडच्या दोन पाइपांचे शेवट गंजून पातळ झालेले निघाले. मिस्त्रींनी मला वर बोलावलं, हातोडीने ठोकून दाखवलं. चांगला पाइप खणखणीत वाजतो, हा बद्द वाजत होता. एका ठिकाणी पटाशी टोचली तर आरपार गेली. दोन मीटरचे दोन तुकडे बदलायचे ठरले, करारामागे लिहून सही केली. हिरव्या पाइपच्या फोटोनंतर मला अशा वाढीव कामाची धास्ती होती, पण डोळ्यांसमोर ठोकून दाखवलेल्या गोष्टीत शंकेला जागा राहिली नाही.

दिवस ३३

पत्रे बसायला लागले. एका नव्या मदतनिसाने ड्रिल मशीनने स्क्रू इतके आवळले की खालचे रबरी वॉशर चेपून फाटले. असा वॉशर काही महिन्यांत गळायला लागतो. वॉशर लोखंडी टोपीच्या बाहेर किंचित फुगलेला दिसला की थांबायचं, सैल राहिला तर फिरतो आणि तिथूनही पाणी येतं. ३८ स्क्रू काढून नवे लावले, थोडे मोठ्या व्यासाचे, कारण जुनं भोक सैल झालेलं होतं. अर्धा दिवस गेला. स्क्रूंचे पैसे मी दिले, वेळेचे मिस्त्रींनी सोसले.

संध्याकाळी छपरावरचा लोखंडी चुरा मऊ झाडूने काढून घेतला. तो राहिला तर रात्रीच्या दवानेच गंजतो आणि पत्र्यावर डाग पाडून रंग खातो. हे काम करारात ‘झाडलोट’ या एका शब्दात होतं. पुढच्या वेळी ‘रोज संध्याकाळी छपरावरचा चुरा’ असं स्पष्ट लिहीन.

दिवस ३७

पाण्याची चाचणी. नळी वळचणीकडून सुरू करून हळूहळू वर न्यायची, प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि गळती नेमकी कुठे ते कळत नाही.

आढ्याच्या डाव्या टोकाला थेंब आला. रिजच्या दोन तुकड्यांची जोड वाऱ्याच्या दिशेला उघडी राहिली होती. उलटून बसवली, खाली सीलंटची पट्टी दिली. दुसऱ्या चाचणीत कोरडं. तिसरा टप्पा दिला.

जुने पत्रे भंगारात विकले. आलेल्या पैशांत ताडपत्री, बांबू आणि दोरी निघाली. दिवस १०च्या ठेकेदाराच्या दरपत्रकात ‘जुना माल उचलून नेणे’ ही सेवा फुकट लिहिलेली होती.

दिवस ५९

रात्रभर पाऊस आणि बऱ्यापैकी वारा. मी आणि भाऊ दोनदा टॉर्च घेऊन सगळ्या खोल्या फिरलो. कुठेही थेंब नाही. पुढच्या पाख्यावर एक स्क्रू कुरकुरतो, तो मिस्त्रींना सांगितला.

दिवस ६०

मिस्त्री सकाळी स्वतःच आले, आधी आतून छत पाहिलं, मग वर जाऊन तो स्क्रू बदलला. उरलेले दहा टक्के दिले, पावती घेतली.

पोलिसांकडून अजून काही नाही. गाडीच्या नंबराची प्रत त्यांना पुन्हा देऊन आले, कारण मागच्या गल्लीत तेच दोघे परवा दिसल्याचं एका आजींनी सांगितलं. आजींच्याही घराचे चार पत्रे उडालेत. त्या दोघांना पैसे अजून दिलेले नाहीत.

दुपारी ताडपत्री धुऊन वाळवली. संध्याकाळी भाऊ आणि मी ती आजींच्या छपरावर बांधून आलो, कामाच्या यादीची एक प्रतही त्यांच्या हातात दिली.